तेलाचा खप : बाजारभाव की सरकारी धोरण?

भिलाईतल्या खुर्सीपारमध्ये खनिज तेल तीन तऱ्हांनी खपते. नागपूर, राजनांदगाव, दुर्ग करत रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६ आणि स्थानिकांचा जीई रोड, या वस्तीला लागून जातो. त्यावरच्या ट्रकना डिझेल लागते. पोलाद कारखान्यात किंवा आसपासच्या लहान कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या दुचाकीला पेट्रोल लागते. आणि घरोघरच्या चुलीला एके काळी रेशनचे घासलेट, छत्तीसगडी बोलीतले मिट्टीतेल, लागत असे. आता गॅसचे सिलिंडर लागते. तिन्हींचे मूळ तेच, पण भाव चढला की तिन्हींचा खप सारखा हलत नाही. ट्रकमालक वाढलेले भाडे गिऱ्हाइकावर टाकतो, दुचाकीवाला कुरकुरतो आणि तरीही पाळीवर जातो, चुलीपुढची बाई मात्र सिलिंडर पुरवून पुरवून वापरते आणि मधल्या दिवसांत लाकूडफाट्याकडे वळते. तेलाचा खप बाजारभावाने ठरतो की सरकारी धोरणाने, हा प्रश्न सोडवताना आधी कोणते तेल आणि कोणाचा खप, हे विचारावे लागते.

पंपावरच्या फलकावर दिसतो तो आकडा निखळ बाजारभाव नसतो. भारत आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो, त्यामुळे हिशेबाची सुरुवात जागतिक भावाने आणि डॉलरच्या दराने होते. शुद्धीकरणाचा आणि वाहतुकीचा खर्च त्यावर चढतो. मग येते केंद्राचे उत्पादन शुल्क, तेही टक्केवारीत नव्हे, तर लिटरमागे ठरावीक रुपयांत. पंपचालकाचे कमिशन मिळवले की या सगळ्या बेरजेवर राज्याचा व्हॅट बसतो, म्हणजे करावरही कर. छत्तीसगडने नोव्हेंबर २०२१ मध्ये हा व्हॅट थोडा उतरवला, तेव्हा पेट्रोलवर २४ टक्के अधिक लिटरमागे २ रुपये आणि डिझेलवर २३ टक्के अधिक १ रुपया असे दर झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा आणखी एक रुपया कमी झाला.

ठरावीक रुपयांतला कर आणि टक्केवारीतला कर यांचे वागणे वेगळे असते. कच्चे तेल महागले की राज्याचा व्हॅट आपोआप फुगतो, केंद्राचे शुल्क जागचे हलत नाही. कच्चे तेल गडगडले तरी ते शुल्क तसेच राहते, किंवा वाढवले जाते. एप्रिल २०२० मध्ये भारतीय खरेदीच्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला २० डॉलरच्या आसपास होता. पिंप म्हणजे १५९ लिटर; त्या वेळच्या विनिमय दराने एक लिटर कच्चे तेल दहा रुपयांच्या आत पडत होते. पुढच्याच महिन्यात पेट्रोलवरचे केंद्रीय शुल्क लिटरला ३२ रुपये ९८ पैसे झाले. मूळ मालाच्या तिपटीहून अधिक कर ज्यात आहे, त्या आकड्याला बाजारभाव म्हणायचे की धोरण, हे सांगणे अवघड आहे, आणि या विषयाची खरी गाठ इथेच आहे.

हीच गाठ महाराष्ट्र–छत्तीसगड सीमेवर डोळ्यांना दिसते. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांची कपात केली. तेव्हापासून नागपूर आणि रायपूर यांचे भाव शेजारी मांडले तर डिझेल नागपूरला स्वस्त आणि पेट्रोल रायपूरला स्वस्त, असे उलटसुलट चित्र दिसते. पूर्वेकडे निघालेल्या ट्रकने टाकी महाराष्ट्रातच भरून घ्यावी यात शहाणपण आहे, आणि सीमेवरच्या दुचाकीवाल्याने छत्तीसगडचा पंप गाठावा यातही. जागतिक भाव दोन्हीकडे एकच. फरक पाडला तो दोन राज्य सरकारांनी. यात देशाचा एकूण खप फारसा बदलत नाही. बदलते ती खपाची जागा आणि कर पडणारी तिजोरी. राज्यवार खपाचे आकडे वाचताना ही गोष्ट विसरली की भलतेच निष्कर्ष निघतात.

आजची ही व्यवस्था एका रात्रीत उभी राहिलेली नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला तेलव्यापार बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांच्या हाती होता. माल इराणी आखातातून आला तरी किंमत मोजायची ती आयात-समतेच्या सूत्राने, आणि त्या सूत्राची चावी कंपन्यांकडे. १९६१ मध्ये के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या सूत्राची चिकित्सा केली. त्यानंतर तालुकदार आणि शांतिलाल शहा यांच्या समित्या आल्या. १९७३ च्या अखेरीस अरब तेलबंदीनंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला आणि किंमत ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, या वादावर पडदा पडला. १९७४ मध्ये एसो, म्हणजे पूर्वीची स्टॅनव्हॅक, आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल आणि कॅलटेक्स सरकारच्या ताब्यात आल्या. त्याच १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून दूर समुद्रात बॉम्बे हायचे तेल सापडले होते आणि १९७६ मध्ये ते निघू लागले.

यानंतर पाव शतक ‘प्रशासित किंमत पद्धत’ चालली. शुद्धीकरण कारखान्याला त्याचा खर्च आणि गुंतवणुकीवर ठरलेला परतावा मिळे. ग्राहकाने द्यायची किंमत सरकार ठरवे. मधला फरक ‘ऑइल पूल’ नावाच्या खात्यात जमा किंवा खर्ची पडे. पेट्रोल आणि विमानाचे इंधन चढ्या भावात विकून आलेल्या पैशांतून घासलेट, गॅस आणि काही अंशी डिझेल स्वस्त ठेवायचे, असा त्याचा गाभा होता. त्यामागचा विचार दयेचा होता आणि तो सोडून द्यावा असाही नव्हता. पण या पद्धतीत जागतिक भावाचा धक्का ग्राहकापर्यंत पोहोचतच नसे. भाव वाढल्याचे ज्याला कळतच नाही, तो वापर कमी कशाला करील? काटकसरीचे काम मग प्रचारावर सोपवले गेले. १९७६ मध्ये सुरू झालेली पेट्रोलियम बचतीची मोहीम पुढे पीसीआरए या संस्थेच्या रूपाने कायम झाली.

राम नाईक पेट्रोलियम मंत्री असताना, १ एप्रिल २००२ रोजी, ही पद्धत अधिकृतपणे मोडीत निघाली. प्रत्यक्षात ती मागच्या दाराने परत आली. २००४ नंतर कच्चे तेल चढू लागले तशी कंपन्यांना भाव वाढवण्याची मुभा कागदावरच उरली, आणि तोटा सरकारी रोख्यांनी व तेल उत्पादक कंपन्यांच्या सवलतींनी भरून काढला गेला. जून २०१० मध्ये पेट्रोल मोकळे झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये विजय केळकर समितीने वित्तीय तुटीचे चित्र मांडून डिझेलचे अनुदान संपवण्याची निकड सांगितली. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा सुमारे पन्नास पैशांनी वाढू लागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळे झाले. त्या वेळी जागतिक भाव उतरत होते, म्हणून ही सुटका कोणाला टोचली नाही. १६ जून २०१७ पासून तर भाव रोज सकाळी बदलू लागले.

तरीही ‘मोकळे’ हा शब्द जपून वापरावा लागतो. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या सुमारे साडेचार महिन्यांत उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, जागतिक भाव झपाट्याने चढले, आणि रोज बदलणारा पंपावरचा भाव स्थिर राहिला. निकालानंतर १५ दिवसांच्या आत भाव वाढू लागले आणि थोड्याच दिवसांत एकूण १० रुपयांची वाढ झाली. पुढे मे २०२२ च्या शुल्ककपातीनंतर मार्च २०२४ पर्यंत कंपन्यांचे मूळ भाव जवळजवळ हलले नाहीत. कायद्याने मोकळा असलेला भाव व्यवहारात मालकाच्या इशाऱ्यावर चालला, कारण मोठ्या तिन्ही विक्रेत्या कंपन्यांचा मालक सरकारच होते.

आता भाव आणि खप यांचा सरळ हिशेब. भारतीय खरेदीच्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव २०१४-१५ मध्ये ८४ डॉलर होता, तो २०१५-१६ मध्ये ४६ डॉलरवर आला. त्या एका वर्षात देशाचा पेट्रोलियम पदार्थांचा खप १६.५५ कोटी टनांवरून १८.४७ कोटी टनांवर गेला. वाढ जवळपास १२ टक्के; एकट्या पेट्रोलची १४ टक्क्यांच्या वर. हे वर्ष बाजारभाववाद्यांचे आवडते उदाहरण आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याच काळात, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ दरम्यान, केंद्राने नऊ वेळा शुल्क वाढवून पेट्रोलवर एकूण ११.७७ आणि डिझेलवर १३.४७ रुपये चढवले. स्वस्ताईचा मोठा वाटा ग्राहकापर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचला असता तर खप आणखी किती वाढला असता, हे कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. कर वाढवणाऱ्याच्या मनात खप रोखायचा विचार नव्हता, तिजोरी भरायची होती. तरी परिणाम खपावर झाला.

उलट दिशेचे उदाहरण २०२१-२२ चे आहे. त्या वर्षी देशभर पेट्रोल लिटरला शंभर रुपयांपलीकडे गेले. शंभरीने लोक हादरतील, गाड्या घरी राहतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात पेट्रोलचा वार्षिक खप सुमारे ३.०८ कोटी टन झाला, म्हणजे करोनापूर्व २०१९-२० च्या ३ कोटी टनांपेक्षा जास्त. डिझेल मात्र ८.२६ कोटींवरून ७.६७ कोटी टनांवर होते. भाव दोन्हींचे चढले होते. फरक कामाचा होता. डिझेल माल, बस आणि शेतीच्या मागे जाते, आणि ते व्यवहार अजून पुरते सावरले नव्हते. पेट्रोल माणसाच्या स्वतःच्या वाहनामागे जाते, आणि गर्दी टाळणाऱ्या त्या काळात स्वतःच्या दुचाकीला पर्याय नव्हता. त्याआधी, एप्रिल २०२० मध्ये, देशातला इंधनाचा खप वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता. तेव्हा जगात तेल मातीमोल होते आणि अमेरिकेतल्या वायद्यांचा भाव एका दिवसासाठी शून्याखाली गेला होता. टाळेबंदीचा आदेश निघाला की भावाचे काही चालत नाही, हे त्या महिन्याने दाखवले.

या आकड्यांमागे एक साधी गोष्ट आहे. तेल माणूस पीत नाही, यंत्र पिते. एकदा यंत्र विकत घेतले की रोजच्या भावाला प्रतिसाद द्यायला थोडीच जागा उरते: फेरी कमी करणे, हळू चालवणे, दोघांनी मिळून जाणे. म्हणून तात्काळ प्रतिसाद क्षीण आणि दीर्घकालीन प्रतिसाद मोठा, हा अनुभव जगभर येतो. पुढची गाडी घेताना माणूस भाव मोजतो, आणि त्यातही भावाच्या उंचीपेक्षा दोन इंधनांतला फरक अधिक मोजतो. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेले होते आणि डिझेल ४१ च्या आत होते. बत्तीस रुपयांची ही दरी बाजाराने खणली नव्हती, अनुदानाने खणली होती. शेतकऱ्यासाठी आणि ट्रकसाठी स्वस्त ठेवलेले डिझेल मोटारगाड्यांनी उचलले. त्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. दरी बुजली तसा तो वाटा घसरला, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. इथे धोरणाने फरक निर्माण केला, बाजार त्या फरकामागे धावला, आणि शेवटी पुन्हा धोरणानेच त्याला वळवले.

फरकामागे धावणाऱ्या बाजाराचे रूप महाराष्ट्राने दोनदा एसटीच्या बसमध्ये पाहिले. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांचे डिझेल बाजारभावाला नेले आणि किरकोळ पंपावरचे अनुदानित ठेवले. एसटी महामंडळ घाऊक ग्राहक, म्हणून त्याला लिटरमागे सुमारे दहा रुपये जास्त. लाल बस मग आगारातली टाकी सोडून रस्त्यावरच्या पंपावर रांगेत उभ्या राहू लागल्या. मार्च २०२२ मध्ये किरकोळ भाव गोठलेला आणि घाऊक भाव चढलेला, तेव्हा हेच पुन्हा घडले. रेल्वेला अशी पंपावर रांग लावता येत नव्हती, तिने भार सोसला. अनुदान वाचवण्यासाठी काढलेल्या आदेशाने अनुदान तसेच राहिले, फक्त ते दुसऱ्या नळीतून वाहू लागले.

घासलेटाच्या बाबतीत अशा दरीची किंमत माणसाच्या जिवाने मोजली गेली. रेशनवर लिटरला बारा-तेरा रुपयांना मिळणारे घासलेट चाळिशीच्या डिझेलमध्ये मिसळले की प्रत्येक लिटरला नफा ठरलेला. मनमाडजवळच्या मोठ्या तेलडेपोच्या परिसरात हा धंदा फोफावला होता. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे भेसळीचा प्रकार पाहिला आणि तो टिपायला ते थांबले. त्यांना जिवंत जाळण्यात आले. गरिबाच्या कंदिलासाठी ठेवलेली सवलत एका प्रामाणिक अधिकाऱ्याचा घात करणाऱ्या टोळ्यांना पोसत होती, हे या विषयातले सर्वांत वेदनादायी पान आहे. रेशनच्या घासलेटाचा भाव २०१६ पासून थोडा थोडा वाढवत नेला गेला, वीज आणि गॅस पोहोचत गेले. २००४-०५ मध्ये देशात ९० लाख टनांहून अधिक खपणारे घासलेट २०२२-२३ मध्ये पाच लाख टनांच्या आसपास उरले.

चुलीवर त्याची जागा घेणाऱ्या गॅसची गोष्ट वेगळे काही शिकवते. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद येथे आठ कोटीव्या जोडणीचा समारंभ झाला. जोडणी देण्यात धोरण यशस्वी ठरले, यात शंका नाही. पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात डिसेंबर २०१८ पर्यंतची सरासरी दिली आहे: उज्ज्वलाच्या घरात वर्षाला ३.२१ सिलिंडर. एका कुटुंबाचा पूर्ण स्वयंपाक तेवढ्यात होत नाही. शेगडी धोरणाने आणली. ती रोज पेटेल की नाही, हे सिलिंडरच्या भावाने ठरवले. पुढे मे २०२२ मध्ये सिलिंडरमागे दोनशे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीनशे रुपयांचे अनुदान द्यावे लागले, ते याच कारणाने. खुर्सीपारसारख्या वस्तीत तेलाच्या भावाचा सर्वांत जिव्हारी लागणारा परिणाम इथे होतो, आणि पेट्रोलच्या शंभरीइतकी त्याची चर्चा होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

केवळ आदेशाने इंधन बदलत नाही, याचा धडा छत्तीसगडने रतनजोतीतून, म्हणजे जट्रोफाच्या लागवडीतून, घेतला. २००५ च्या सुमारास राज्याने जैवइंधन प्राधिकरण स्थापन केले. डिझेल आखातातून नव्हे तर बाडीतून, म्हणजे परसातून, मिळेल, अशी घोषणा गावोगाव पोहोचली. पडीक जमिनींवर लक्षावधी रोपे लागली, तेल कंपन्यांशी संयुक्त कंपन्या निघाल्या. झाड जगले, पण खत-पाण्यावाचून बी पुरेसे आले नाही. जे आले ते गोळा करण्याची मजुरी निघेल असा भाव मिळाला नाही. इथेनॉलची वाट वेगळी ठरली. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेली येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले, २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा आदेश निघाला, आणि तरीही २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते. साखर कारखान्यांना खरेदीचा भाव आधी जाहीर करून हमी दिली गेली, तेव्हा चक्र फिरले: जून २०२२ मध्ये दहा टक्के, २०२५ मध्ये वीस टक्के. रतनजोतीमागे भाव नव्हता, उसामागे होता. मात्र उसाला लागणारे पाणी या हिशेबात धरायला हवे, आणि मराठवाड्याच्या दुष्काळी तालुक्यांत तो हिशेब कडवट होतो.

जिथे धोरण आणि भाव एका दिशेने ओढतात तिथे बदल टिकतो. मुंबईत धुराविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयात गेली, १९९९ च्या अखेरीस व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळवण्याचा रेटा सुरू झाला. टॅक्सीवाले वळले ते न्यायालयाच्या धाकाने आणि सीएनजी स्वस्त पडत असल्यानेही. पहिले कारण विरले तरी दुसऱ्याने त्यांना परत येऊ दिले नाही. हावडा–मुंबई लोहमार्गाचे विद्युतीकरण याहून मूलगामी होते. भिलाईचे लोहखनिज, कोळसा आणि तयार रूळ वाहणाऱ्या गाड्या आज विजेच्या इंजिनांवर चालतात, त्या इंजिनांचे शेड भिलाईतच आहे, आणि त्या वाहतुकीपुरता डिझेलचा रोजचा भाव गैरलागू झाला आहे. हा निर्णय घेताना कोणी एका वर्षाचा तेलाचा भाव पाहिला नव्हता.

राहतो तो तिजोरीचा प्रश्न, आणि धोरणाला तोच सर्वांत घट्ट बांधून ठेवतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन आणि नैसर्गिक वायू हे पाच पदार्थ त्याबाहेर ठेवले गेले. व्हॅट हा राज्यांच्या हाती उरलेल्या मोजक्या करांपैकी एक आहे, म्हणून पक्ष कोणताही असो, तो सोडायला कोणतेही राज्य सहजी तयार होत नाही. केंद्रालाही शुल्क हवेच असते: एप्रिल २०२५ मध्ये जागतिक भाव उतरताच पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये शुल्क वाढले आणि पंपावरचा भाव मात्र तोच राहिला. खप घटावा असे सरकारचे एक खाते म्हणते, दुसऱ्या खात्याचा अर्थसंकल्प त्या खपावर उभा असतो. विजेवरच्या रिक्षा आणि दुचाकी रस्त्यावर वाढत आहेत, आणि त्यातली प्रत्येक गाडी आयातीचे डॉलर वाचवतानाच रायपूर आणि मुंबईच्या तिजोरीत लिटरमागे पडणारा कर थांबवते.